राइडकाका

शनिवारी रात्री नऊच्या सुमाराला ग्रुपवर संदेश येतो : 'उद्या काळा घोडा, ५.४५. ५.४५ म्हणजे ५.४५.' दुसरं वाक्य अनुभवातून आलेलं आहे. बडोद्यात पावणेसहा ही वेळ बिछान्यातून 'निघालोच काका' असा मेसेज टाकण्याची असते.

रविवारी सायकल चालवणाऱ्यांचा घोळका जिथे जिथे आहे, तिथे असे एक काका असतातच. कोणी बँकेतून निवृत्त, कोणी शाळेत पीटी शिकवलेले, कोणी कारखान्याच्या सेफ्टी खात्यात जन्म काढलेले. आमचे तिसऱ्या जातीचे, राहणार दांडिया बाजार. फ्लुरोसंट जाकीट, गळ्यात शिट्टी, आणि हँडलवर प्लास्टिकमध्ये बंद केलेली यादी : प्रत्येकाचं नाव, रक्तगट, घरचा नंबर. या यादीत आपलं नाव पाहून नव्या माणसाला आधी बरं वाटतं, मग ती कशासाठी आहे ते कळतं.

राइडच्या आधी भाषण. "हवा, ब्रेक, चेन!" म्हणत काका प्रत्येक सायकलचं टायर अंगठ्याने दाबून बघतात, पुढचं चाक उचलून गरकन फिरवतात. मग नियम. हेल्मेट नाही तर राइड नाही. सवलत फक्त एकाला, मागे घोड्यावर बसलेल्या सयाजीराव महाराजांना. कानात बुचं घालायची नाहीत. दहापेक्षा जास्त जण झाले तर दोन तुकड्या, आणि मधे एक बस मावेल एवढं अंतर. "नाहीतर ओव्हरटेक करणारा शिरणार कुठे? तुमच्या अंगावर?" आपलं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला न्यायचं नाही, कारण चाकाला चाक घासलं की समोरचा तसाच पुढे जातो आणि मागचा आडवा होतो. हे सांगताना काका स्वतः आडवे होऊन दाखवतात. पहिल्यांदा पाहणारा धावत उचलायला जातो. जुने लोक तेवढ्यात बाटल्या भरून घेतात.

खड्डा आला की पुढच्याने ओरडायचं आणि तो शब्द मागे मागे पोचवायचा, ही काकांची लाडकी पद्धत. "खड्डाऽ!" समोरून निघतो, गप्पांमधून वाट काढत शेवटच्यापर्यंत येतो, तेव्हा शेवटचा नुकताच त्यातून बाहेर पडत असतो. हा शेवटचा म्हणजे बहुधा काकाच.

कारण काका सगळ्यात मागे असतात. पुढे कोण जाणार हे ते ठरवतात, नव्या किंवा दमणाऱ्या माणसाला पुढारी गड्याच्या पाठोपाठ दुसऱ्या नंबरावर बसवतात, म्हणजे घोळक्याचा वेग त्याच्या दमाने ठरतो, आणि स्वतः शेपटाला. आमच्यात एक तरुण आहे, कार्बनची सायकल, पायात क्लीट, तोंडात सरासरी वेग. तो पहिल्याच राइडला गोत्रीच्या पुढे दिसेनासा झाला. काका रागावले नाहीत. पुढच्या रविवारी भर भाषणात म्हणाले, "बेटा, तू सगळ्यात स्ट्राँग. आज शेवट तुझा. शेवटच्याला मागे सोडायचं नाही, आणि गेलेल्याला गाठता यायला पाहिजे. हे काम दुसऱ्या कोणाला जमायचं नाही." पोरगा फुलला. त्या दिवशी एका मावशींचं मागचं चाक पंक्चर झालं, आणि ताशी बत्तीसचा दावा करणारा तो वीर पाऊण तास रस्त्याच्या कडेला ट्यूब बदलत, कुटुंबातल्या सगळ्यांच्या गुडघ्यांची माहिती ऐकत बसला. काका शेजारी उभे. मदतीला नाही, बघायला.

आता रस्त्याबद्दल. आजव्याला जायची सगळ्यांना हौस. सयाजीरावांच्या काळात बांधलेला तलाव, आजही शहराला त्याचं पाणी, आणि सूर्योदयाचे फोटो तिथले तर विचारायला नको. पण हिवाळ्यात काका आजव्याचं नाव काढू देत नाहीत. सिंधरोट, महीचा काठ, बस. आम्ही बरेच दिवस ही म्हाताऱ्याची लहर समजत होतो. एकदा कोणीतरी हटून विचारलं तेव्हा म्हणाले, "आजवा कुठे? पूर्वेला. आपल्याला सूर्य छान दिसतो. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यांत तोच सूर्य असतो, आणि त्याला आपण दिसत नाही." सगळे गप्प. मग एका हुशार माणसाने विचारलं, "आणि सिंधरोटहून परत येताना? तेव्हाही पूर्वच की." काका चहाचा पेला खाली ठेवत म्हणाले, "म्हणून तर इथे तासभर बसवतो तुम्हाला. चढू दे जरा वर." त्यांच्या लांबलेल्या चहाबद्दल ज्यांनी ज्यांनी तोंड वाकडं केलं होतं, त्या सगळ्यांनी त्या दिवशी दुसरा चहा मागवला.

उत्तरायण जवळ आलं की हँडलवर तारेची कमान चढते आणि सगळ्यांच्या गळ्याला जाड मफलर, कारण कापलेल्या पतंगाचा मांजा रस्त्यावर आडवा आला तर गळाच धरतो. जानेवारीत हे शोभतं. धाप लागल्यावर शोभत नाही, पण सोडायची सोय नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, मगरी रस्त्यांवर आल्या, तेव्हा शनिवारच्या संदेशात भर पडली : 'साचलेल्या पाण्यात तळ दिसत नसेल तर सायकलवरून उतरा. मगर दिसली तर परत चढा.' नवरात्रात मात्र कोणाचं काही चालत नाही. शनिवारी मध्यरात्रीपर्यंत गरबा खेळलेलं शहर पहाटे उठत नाही. काका तरीही काळ्या घोड्यापाशी हजर होते. ग्रुपवर फोटो आला, स्वतःचा, खाली मजकूर : 'एक. सगळे आले.'

मोजणं हा त्यांचा खरा आजार. निघताना मोजतात, फाटकाच्या अलीकडे मोजतात, पलीकडे मोजतात. एकदा सिंधरोटला चौदाचे पंधरा भरले. काकांनी पुन्हा मोजले, पंधराच. कमी भरलेल्याची भीती त्यांना ठाऊक होती, जास्त भरलेल्याचं काय करायचं हे कुठल्याच नियमात नव्हतं. शेवटी कळलं, दुधाच्या दोन बरण्या लावलेला एक गावकरी, काळ्या जुन्या सायकलवर, अर्ध्या रस्त्यापासून आमच्यात मिसळला होता. हात दाखवले की थांबत होता, 'खड्डा' मागे पोचवत होता, आमच्यापैकी निम्म्यांपेक्षा शिस्तीत. काकांनी त्याला चहा पाजला, बरण्यांना मागून लाल चकचकीत पट्टी चिकटवून दिली, आणि रक्तगट विचारला.

काकूंना विचाराल तर त्या हात जोडतात. "पावागडला रोपवेत बसायच्या आधी सासरची माणसं मोजून घेतली यांनी. तीन वेळा. सप्तपदीलासुद्धा मागे वळून बघत होते, कोणी राहिलं का म्हणून." काका ऐकून न ऐकल्यासारखं करतात आणि आपली पिशवी भरतात : दोन मापांच्या ट्यूब, पान्हा, पंक्चरचं सामान, मीठ-साखरेची पुडी, चिक्की, आणि कोण्या गुजराती सदस्याच्या घरून आलेले थेपले. सेवउसळ फक्त शहरात परत आल्यावर, तीही तर्री बेताची. पण ती प्लेट समोर आली की हा बेत सगळ्यात आधी काकाच मोडतात, आणि तेवढ्या वेळापुरती माणसं मोजणं थांबतं.

गेल्या हिवाळ्यात ते लेकीकडे पुण्याला गेले. महिनाभर. राइड कार्बनवाल्याकडे सोपवली, यादी आणि शिट्टीसकट. पहिल्याच रविवारी सात वाजता सिंधरोटला व्हिडिओ कॉल. "मोजले?"

"हो काका, अकरा."

"मला दाखव." पोराने फोन सगळ्यांवरून फिरवला. काकांनी दहा मोजले, कारण फोन धरणारा त्यांना दिसत नव्हता. पोराने फोन स्वतःकडे वळवला. "हेल्मेट कुठाय?"

"चहा पितोय काका."

"ते मला काय कळणार?"

पुण्यात त्यांची पहाट लेकीच्या तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत जात होती. एके दिवशी खालून सायकलवाल्यांचा घोळका गेला आणि शेवटच्याच्या मागे दिवा नव्हता. काकांनी वरून शिट्टी मारायला हात गळ्याशी नेला, शिट्टी बडोद्यात. मग ओरडले. खालच्याने ब्रेक लावला, वर पाहिलं आणि अस्सल पुणेरी शांतपणे विचारलं, "आपण कोण?"

काकांनी आपलं पूर्ण नाव, गाव आणि रक्तगट सांगितला. मग आम्हाला फोन : "नऊ जण आहेत. दोघांच्या कानात बुचं. मागे कोणाला ठेवलेलंच नाही रे!" लेकीला त्यांनी जुनी सायकल कुठे मिळेल म्हणून विचारलं आहे, एवढी बातमी काकूंकडून आली.