कोल्हापूर, मुक्काम मुलुंड

कोल्हापुरात असताना मी कोल्हापूरकर नव्हतो. तिथं तसं कुणीच नसतं. माणूस मंगळवार पेठेचा असतो, शिवाजी पेठेचा असतो, अमक्या तालमीचा असतो. आणि यातलं काहीच नसला तर राजारामपुरीतला असतो. मी राजारामपुरीतला. गल्लीचा नंबर सांगितला की माझी ओळख संपायची. कोल्हापूरकर मला मुंबईनं केलं, आणि आता ते पद निभावता निभावता जीव मेटाकुटीला आलाय.

बिऱ्हाड मुलुंडला, नोकरी फोर्टात. "कुठले तुम्ही?" या प्रश्नाला मी सरळ उत्तर दिलं आणि माझं नाव कायमचं गेलं. "कोल्हापूरची सही झाली का?" "कोल्हापूरला विचारा, चहा घेणार का." लोकलच्या डब्यातही तेच. तिथल्या मंडळींनी मला चौथी सीट बहाल केली ती गावाकडे बघून. चौथ्या सीटवर अर्धाच माणूस बसतो. उरलेला अर्धा कुर्ल्यापर्यंत हवेत असतो. तरी मी त्या अर्ध्यावर छाती काढून बसतो, कारण आता सवाल माझा एकट्याचा नाही, जिल्ह्याचा आहे.

नावामागून कर्तव्यं आली. कोल्हापूर म्हटलं की कुस्ती. माझी तब्येत डोळ्यांनी दिसत असूनही लोक विचारतात, "तालमीत होतात का?" खासबाग मैदानात बसून शेंगा खाल्ल्या, एवढाच माझा आणि कुस्तीचा संबंध. पण "शाहू महाराजांनी बांधलंय, १९१२ साली," हे मी अशा आवाजात सांगतो की जणू मुहूर्ताचा नारळ माझ्याच हातून फुटला. खरं म्हणजे आमच्या पेठांचं रक्त तापतं ते फुटबॉलवर. तालमींचे फुटबॉल संघ आहेत, दोन पेठांचा सामना असला की पोलीस बंदोबस्त लागतो आणि वर्ल्डकपला चौकाचौकांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे फलक लागतात. हे सांगितलं की डबा हसतो. खरं कुणालाच पटत नाही, म्हणून मी निमूटपणे पुन्हा कुस्तीवर येतो.

आणि तिखट! घरी मी 'पांढऱ्या रश्श्याचा माणूस' म्हणून बदनाम होतो. पंगतीत तांबड्याची पळी माझं ताट ओलांडून पुढं जायची आणि धाकटी बहीण ती दोनदा मागून घ्यायची. ऑफिसात मात्र जेवणाच्या सुट्टीत कुणाच्याही डब्यात मिरची निघाली की ती टेबलभर फिरून माझ्यापुढं येते. सगळ्यांचे घास थांबतात. मी ती देठापर्यंत खातो, वर म्हणतो, "ही मिरची होय? मला वाटलं भेंडी." मग महत्त्वाचा फोन आल्यासारखं दाखवून बाहेर पडतो. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या फायलींच्या मागं, अ‍ॅसिडिटीच्या औषधाची गुलाबी बाटली असते. कोल्हापूरची इभ्रत सध्या तिच्यावर उभी आहे.

इथं जरा थांबून एक विषय काढलाच पाहिजे, कारण तो बरीच वर्षं पोटात आहे. व्हेज कोल्हापुरी.

मुंबईतल्या कुठल्याही हॉटेलचं मेनूकार्ड उघडा, ती असतेच. फ्लॉवर, गाजर, मटार आणि फरसबी लाल रश्श्यात बुडवायची आणि वर एक सुकी मिरची आडवी ठेवायची. ती आडवी मिरची म्हणजे कोल्हापूर. मी जन्म तिथं काढला. एकाही घरात ही भाजी शिजताना पाहिली नाही. आमच्याकडं तिखटाला चटणी म्हणतात. उन्हाळ्यात ती वर्षाची एकदम होते: मिरच्या वाळवायच्या, कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे भाजायचे, सगळं डंकावर कुटून आणायचं. त्या दिवसांत अख्खी गल्ली शिंकत असते. तिच्यात नुसता जाळ नसतो हो, वास असतो, चव असते. तांबडा रस्सा होतो मटणाच्या अळणी पाण्यावर. पांढऱ्यात नारळाचं दूध, खसखस, काजू. एवढं सगळं मी जीव तोडून सांगतो आणि समोरचा शांतपणे विचारतो, "पांढरा? मग तो कोल्हापुरी कसा?"

अशा वेळी मला खरोखर राग येतो. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये एका बड्या इटालियन कंपनीनं थेट कोल्हापुरी घाटाच्या चपला मिरवल्या आणि कोल्हापूरचं नावच घेतलं नाही. महाराष्ट्र खवळला, मीही खवळलो. पण तिथं निदान चपलेची चप्पल राहिली; अंगठ्यात गाजर खोवलं नव्हतं. त्यांनी वस्तू घेतली आणि नाव टाकलं, इथल्या आचाऱ्यांनी नाव घेतलं आणि वस्तू टाकली. चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, गुळाला त्याच्याही आधी. भाजीची तक्रार मात्र कुठल्या खिडकीवर करायची असते? बरं, ऑफिसच्या पार्टीत माझ्या सन्मानार्थ हीच मागवतात. "खास तुमच्यासाठी, तुमच्या गावची." मी बोटं चाटून खातो. ती फारशी तिखट नसते, हा तिचा एक गुण मला खाजगीत मान्य आहे.

असा मी उठता-बसता कोल्हापूर मिरवणारा माणूस. आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. ऑफिसात उशीर झाला होता, मी परतीच्या लोकलमध्ये होतो. फोनवर एकामागून एक व्हिडिओ येऊ लागले. ज्या रंगमंचावर शाळेत असताना मी भालदार झालो होतो आणि एकुलतं एक वाक्य विसरलो होतो, त्याच्यावरचं छप्पर पेटलेलं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शेजारचा नेहमीचा सोबती फोनमध्ये डोकावून म्हणाला, "तुमच्याकडचं का?" मी "हो" म्हणालो. एरवी मी शाहू महाराज, पॅलेस थिएटर, संगीत नाटक, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं असतं. त्या वेळी एक साल तोंडातून निघालं नाही. घाटकोपरला तो उठला आणि मला म्हणाला, "खिडकीत बसा." त्याला उतरायचं होतं ठाण्याला. लोकलमध्ये खिडकी ही कुणाला द्यायची वस्तू नाही, हे मुंबईत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. त्या रात्री त्यानं मला 'कोल्हापूर' म्हणून हाक मारली नाही, माझं नाव विचारलं.

दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा कोल्हापूर झालो, आणि डब्यातली मिरचीही परत आली.

मध्यंतरी कागलला मामांकडं जेवायला गेलो होतो. पाट मांडले, ताटं आली. तांबड्याची किटली माझ्यापाशी येताच मामा मामींना म्हणाले, "ह्याला पांढराच वाढ गं. मुंबईचा हाय आता, तांबडा सोसायचा न्हाई त्याला." पंगत हसली. मी अपमानित माणसाला शोभेल असा चेहरा केला, "असं कसं मामा," एवढं दुबळं म्हणालो, आणि पोट भरेपर्यंत पांढरा प्यालो. इतका सुखाचा अपमान माझा आजवर झाला नव्हता.

वाचकांत फोर्टातले कुणी असतील तर एवढीच विनंती आहे: यातलं अक्षरही माझ्या ऑफिसात पोचू देऊ नका. सोमवारी हिशेब खात्यातले एक गृहस्थ खास माझ्यासाठी घरून ठेचा आणणार आहेत.