बारा पानांचा मार

‘वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी करायची आणि पिल्लाच्या नाकावर एकच फटका द्यायचा. हलका, पण ठाम.’ हे सांगणारा तरुण मोबाइलच्या पडद्यावर पाय फाकवून उभा असतो. वर काळा टी-शर्ट, खाली लष्करी ठिपक्यांची सहा खिशांची पँट, आणि पायाशी जिभल्या चाटत बसलेला जर्मन शेफर्ड. पँट पाहिली की आपली निम्मी शंका तिथेच मिटते. लष्करात तो गेलेला नसतो, पँट जाऊन आलेली असते. त्याच्याकडे ‘वीस वर्षांचा अनुभव’ असतो. वय पाहता तो रांगत असतानाच कामाला लागला असावा, थेट कुत्र्यांच्या उंचीवरून.

पँटबद्दल माझं काही म्हणणं नाही. अनुभवाबद्दलही नाही. माझा सवाल गुंडाळीचा आहे. वर्तमानपत्रात लिहून पोट भरणाऱ्या माणसाला आपल्या मालाचं पुढे काय होतं ते चांगलं ठाऊक असतं. पेपराने कपाटांच्या फळ्या झाकल्या, काचा पुसल्या, अढीतले आंबे पिकवले. आम्ही कधी हूं की चूं केलं नाही. पण आता शिक्षा देण्याच्या कामी नेमणूक होतच असेल, तर निदान सेवाशर्ती तरी ठरवा. पहिला प्रश्न: कुठलं वर्तमानपत्र? हा गृहस्थ खाणं कुठल्या कंपनीचं द्यायचं ते सांगतो, पट्टा कुठून घ्यायचा त्याची लिंक देतो, वर सवलतीचा कोडही देतो. आमच्या बाबतीत मात्र नुसतं ‘वर्तमानपत्र’. जणू सगळे पेपर सारखेच लागतात.

सारखे लागत नाहीत. वर्तमानपत्राचा कागद चौरस मीटरला साधारण ४५ ग्रॅमचा. बारा पानी अंक म्हणजे तीन ताव. सगळं मिळून वजन ५० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कोंबडीचं एक अंडं. रविवारी पुरवण्या आल्या की हाच अंक अंगाने भरतो. दसरा-दिवाळीला तर गाड्या, सोनं आणि फ्लॅट पोटात घेऊन तो इतका फुगतो की दारात पडला की घर जागं होतं. म्हणजे एकाच गुन्ह्याला बुधवारी एक शिक्षा आणि धनत्रयोदशीला चौपट? बरं, गुंडाळी करताना पहिलं पान बाहेर ठेवायचं की शेवटचं, हेही पँट सांगत नाही. पहिलं बाहेर ठेवलं तर पिल्लाला बातमी लागतच नाही, कारण हल्ली पहिल्या पानावर पहिलं पान नसतं. तिथे टू बीएचके असतो, पनवेलच्या पुढे, ‘निसर्गाच्या कुशीत’. पिल्लाच्या नाकावर पहिला पडतो तो बिल्डर. शेवटचं बाहेर ठेवलं तर क्रिकेट. अग्रलेख मधल्या पानांत. त्याचा मार आजवर मंत्र्यांना लागला नाही, पिल्लाला कुठून लागणार? आणि हे सदर ज्या पानावर येतं ते गुंडाळीत कुठे जातं, ते मी करून पाहिलं आहे. थेट गाभ्यात. फटक्यात आमचा वाटा फक्त वजनाचा.

वडापाव वर्तमानपत्रात बांधून द्यायला २०१८ च्या नियमांनी मनाई केली, कारण शाई पोटात जाते. निदान कागदोपत्री वडा वाचला. पिल्लाच्या नाकाचा कुठल्या नियमात उल्लेख नाही. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी असतात ५०-६० लाख, आणि कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर. सगळं जग ज्या अवयवाने तो वाचतो, नेमका त्याच्यावर नेम धरायचा.

आता हे हत्यार आणायचं कुठून? सल्ला ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी पेपर येणं केव्हाच बंद झालं आहे. आमच्या वरच्या मजल्यावर ब्रूनो नावाचं लॅब्राडॉरचं दहा आठवड्यांचं पिल्लू आलं आहे. त्याचे ‘पप्पा’ एक दिवस खाली आले.

‘काका, पेपर आहे का?’

या माणसाने लॉकडाउनमध्ये पेपर बंद केला तो केलाच. मी हरखलो. आजचा अंक पुढे केला, वर सदराचं पानही उघडून दिलं.

‘आजचा कशाला? जुना द्या. जरा जाड असला तर बरं.’

गंमत अशी की आदल्याच आठवड्यात ब्रूनोच्या मम्मी आमच्याकडून रद्दीचा गठ्ठा घेऊन गेल्या होत्या. त्या दुसऱ्या तज्ज्ञाला मानतात. तो सांगतो, पिल्लू घरी आलं की खोलीभर पेपर अंथरा, पेपरावर शू झाली की शाबासकी द्या, मग एकेक पेपर कमी करत दाराकडे सरका. पद्धत जुनीच आहे आणि तिच्यात वाईट काही नाही. पण आता ब्रूनोच्या बाजूने पाहा. गेला आठवडाभर त्याला एवढं एकच ज्ञान पक्कं झालं होतं की शाईचा वास येणारी, पायाखाली चुरचुरणारी ही वस्तू म्हणजे संडास. तिथे बसलं की मम्मी खूश होतात, तुकडा देतात. आणि एके रात्री पप्पा घरी येतात, जमिनीवरचा संडास उचलतात, त्याची गुंडाळी करतात आणि त्याच्या नाकावर हाणतात. मोरी अंगावर धावून आल्यावर माणसाने काय बोध घ्यावा? ब्रूनोने घ्यायचा तो घेतला: जिथे जायचं तिथूनच मार येतो, तेव्हा जाऊच नये. तो दोन दिवस कॉफी टेबलाखाली बसून राहिला. पप्पा म्हणाले, सुधारतोय.

एका घरात दोन तज्ज्ञ, त्यांतला खरा कोण? हे ठरवायची रीत आता सोपी झाली आहे. पप्पांच्या तज्ज्ञाला सात लाख लोक पाहतात, मम्मींच्या तज्ज्ञाला साडेचार. मतदान झालं, निकाल लागला. पशुवैद्य व्हायला साडेपाच वर्षं घासावी लागतात. श्वानप्रशिक्षक म्हणवून घ्यायला आपल्याकडे ना परवाना लागतो ना परीक्षा. लागतो एक मोबाइल, एक आधीच शिकलेला कुत्रा (हे महत्त्वाचं, न शिकलेल्यावर चित्रीकरण होत नाही) आणि ती पँट.

पण गुंडाळीच का? तर तुम्ही ‘अल्फा’ आहात हे पिल्लाला कळलं पाहिजे. कुत्रा म्हणजे लांडगा, लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या, बाकीचे त्याला दबून. म्हणून मालकाने आधी जेवावं, दारातून आधी बाहेर पडावं आणि गुंडाळी हाताशी ठेवावी. या विद्येचं मूळ १९४७ साली छापून आलेल्या एका अभ्यासात आहे. स्वित्झर्लंडमधल्या एका प्राणिसंग्रहालयात काही लांडगे कुंपणात कोंडून ठेवले होते. कोंडल्यावर ते भांडले, आणि भांडणात जो जिंकला तो अल्फा. पुढे जंगलातले मोकळे कळप नीट पाहिल्यावर कळलं की तिथला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. अल्फा म्हणजे त्या घरचे बाबा, एवढीच ती भानगड. १९९९ साली हेही रीतसर छापून आलं. ती बातमी पँटीपर्यंत अजून पोचायची आहे. तिथे पेपर मारायला लागतो, वाचायला नाही. आणि लांडगाच धरून चालायचं म्हटलं तर, जंगलातल्या कुठल्या लांडग्याने पेपर लावला आहे?

ब्रूनोचे पप्पा मात्र नियमाने चालतात. ते ऑफिसातून रात्री साडेनऊला येतात. त्या वयाच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं; पण अल्फा जेवल्याशिवाय वाटी खाली ठेवायची नाही, असं ठरलं आहे. मम्मी दुपारी लपूनछपून काहीतरी घालतात म्हणून पोर तगून आहे.

आमच्या माहितीतल्या एक पशुवैद्य बाई आहेत. त्यांचा व्हिडिओ कधी चालणार नाही. त्यांना म्हटलं, ‘पिल्लू घरात शू करतं,’ की त्या उत्तर देत नाहीत, उलट विचारत सुटतात. वय किती? शेवटचं कधी नेलं होतं? पाणी किती पितं? आधी जागेवर करत होतं आणि आता अचानक बिघडलं का? तसं असेल तर आधी लघवी तपासा, जंतुसंसर्ग असू शकतो. दहा आठवड्यांचं पोर दोन-तीन तासांच्या वर धरू शकत नाही, तुम्ही कितीही अल्फा असा. लसी पुऱ्या व्हायच्या आहेत ना, मग रस्त्यावर नको, गच्चीत एक कोपरा ठरवा. उठलं की न्या, खाल्लं की न्या, खेळून झालं की न्या. तिथे केलं की तिथल्या तिथे खाऊ द्या, घरी आल्यावर नाही. कारण शाबासकी काय नि मार काय, एक-दोन सेकंदांत मिळाला तरच पिल्लाला त्याचा संबंध लागतो. म्हणजे सकाळी अकराच्या शूबद्दल रात्री साडेनऊला फटका दिला तर पिल्लू एवढंच शिकतं, की पप्पा आले की मार मिळतो. बाईंचं सगळं ऐकायला पंधरा मिनिटं लागतात आणि त्यात एकही टाळीचं वाक्य नाही. माझ्यापुरती मी एक खूणगाठ बांधली आहे. कुत्रा न पाहता, वयही न विचारता ज्याचं उत्तर तयार असतं, त्याला मी माझा पट्टासुद्धा धरायला देणार नाही, कुत्र्याचा तर नाहीच.

आणि आता तो व्हिडिओ आवाज बंद करून पुन्हा पाहा. माणसाकडे नको, कुत्र्याकडे पाहा. समोर खाणं नाही आणि तो जिभल्या चाटतोय. झोप आलेली नाही आणि जांभया देतोय. कान मागे टाकलेले, तोंड वळवलेलं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतंय, शेपूट पायांत. तज्ज्ञ म्हणतो, ‘बघा, कसा शांत झाला.’ शांत झालेला नाही रे, तुला भ्यालाय तो! सात लाख माणसं एक जनावर थरथरताना बघतात आणि खाली हात जोडल्याची चित्रं टाकतात. पुढचा धडा याहून भारी: गुरगुरला की मारा. अहो, गुरगुरणं म्हणजे तो सांगतोय, लांब राहा, मला भीती वाटतेय. मारून मारून ते सांगणं बंद पाडता येतं, भीती बंद होत नाही. मग एक दिवस घरातलं चार वर्षांचं पोर त्याच्या वाटीपाशी जातं आणि कुत्रा न गुरगुरता थेट गालाला चावतो. सगळे म्हणतात, काही कारण नसताना चावला. मग कुत्रा वाईट, त्याची जात वाईट, त्याचं रक्त वाईट. मग त्याला रात्री गाडीत घालायचं, हायवेला उतरवायचं आणि काच वर करून परत यायचं. पोराच्या गालाला टाके, कुत्रा ट्रकखाली, आणि तो व्हिडिओ अजून चालूच असतो, मधे शाम्पूची जाहिरात घेऊन.

प्राण्याला मारणं हा गुन्हा आहे बरं का. १९६० चा कायदा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी १० रुपये आणि जास्तीत जास्त ५०. तेव्हापासून वडापाव कुठल्या कुठे पोचला, ५० चा आकडा जागचा हलला नाही. आठवडाभर रोज पेपर विकत घेतला तर साधारण तेवढेच पैसे पडतात. त्यापेक्षा काकांकडून मागून आणलेला परवडतो. आणि हा दंडही मारणाऱ्याला. मारायला शिकवणाऱ्याला दंड नाही, त्याला महिन्याच्या महिन्याला पैसे मिळतात.

काल जिन्यात ब्रूनोचे पप्पा भेटले. चेहरा उजळला होता. ‘काका, चार दिवस झाले, हॉलमध्ये एक थेंब नाही. गुंडाळी नुसती दाखवली तरी पुरते.’ मागे उभ्या मम्मी काही बोलल्या नाहीत. त्यांना सोफ्यामागचा कोपरा सापडला होता. ब्रूनो शू करायचा थांबला नव्हता, फक्त पप्पांसमोर करायचा थांबला होता. आज त्यांनी पप्पांना तो कोपरा दाखवला आणि पप्पांनी लगेच मोबाइल काढला. तज्ज्ञाला ही अडचण आधीच ठाऊक होती, त्यावर पूर्ण कोर्स तयार आहे: ‘सोफ्यामागे लपून शू करणारा हट्टी कुत्रा’. किंमत २,९९९ रुपये, फक्त आज रात्रीपर्यंत ४९९. लागणारं साहित्य: वर्तमानपत्र एक, शक्यतो रविवारचं.