पानठेल्यावरचे अर्थमंत्री

चंद्रपूर असो की गडचिरोली, पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता देशाचा अर्थसंकल्पही घोटला जातो. तिथले अर्थमंत्री बिनखात्याचे असले तरी बिनपक्षाचे नसतात. महागाईवर मत देण्याआधी ते खुर्चीत कोण आहे ते पाहतात, पावती नंतर. 2013 साली पेट्रोल महागलं तेव्हा दिल्लीतलं सरकार नालायक होतं. 2021 साली पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हा, ‘‘जगातच महाग होऊन राहिलं न, भाऊ!’’ समोरच्या बाकावरचे अर्थमंत्री हेच उलट क्रमाने सांगतात. वास्तविक 2014च्या मध्यात पिंपाला 110 डॉलरच्या आसपास असलेलं कच्चं तेल जानेवारी 2016मध्ये तिशीच्या खाली आलं होतं आणि त्याच काळात केंद्र सरकार उत्पादन शुल्क वाढवत होतं. म्हणजे जगाचा हात होता, सरकारचाही होता. पण या मंडळींना एका वेळी एकच आरोपी लागतो.

दारूबंदीत तर दोघांचीही तारांबळ उडते. गडचिरोलीत बंदी आली 1993 साली, काँग्रेसच्या राजवटीत. चंद्रपुरात ती फडणवीस सरकारने 1 एप्रिल 2015 रोजी आणली (तारीख कोणी निवडली, कोण जाणे). मे 2021मध्ये आघाडी सरकारने चंद्रपूरची बंदी उठवली तेव्हा काँग्रेसवाल्या अर्थमंत्र्यांना बुडालेला महसूल आणि चोरटी दारू एकदम दिसू लागली. शेजारच्या गडचिरोलीतली चोरटी दारू मात्र दिसेना. भाजपवाल्यांना तेव्हा उद्ध्वस्त संसार दिसले. पुढे 2022मध्ये त्यांचं सरकार आलं, बंदी परत आली नाही, आणि ते संसार चर्चेतून उठून गेले.

परिस्थिती बदलली तर मत बदलू नये का, असं कोणी विचारेल. जरूर बदलावं. पण परिस्थिती दर वेळी नेमकी शपथविधीच्या दिवशीच बदलत असेल, तर संशय घ्यायला जागा आहे. कार्यकर्त्याने आपल्या पक्षाची बाजू घेऊ नये तर कोणाची, हा दुसरा आक्षेप. तोही मान्य; मात्र त्याची किंमत ठेल्यावर चुकती होत नाही. धानाला बोनस मिळत नाही म्हणून ओरड करायची वेळ येते तेव्हा एक बाक कायम आपल्या सरकारची अडचण समजून घेण्यात गुंतलेला असतो. सरकार कोणतंही असो, त्याला अर्ध्याच ठेल्याला उत्तर द्यावं लागतं, आणि त्या अर्ध्याला ‘विरोधक’ म्हटलं की तेवढंही द्यावं लागत नाही.