दोन पास आणि एक प्रवास

पुण्यात रंगमंचावर होतं त्याहून जास्त नाटक रेडिओवर होतं. रंगमंचावर करायचं तर थिएटरची तारीख मिळवा, तालमीला जागा शोधा, सेटचा टेम्पो वेळेवर येईल म्हणून देव पाण्यात ठेवा. रेडिओवर नुसता प्रवास पुरतो.

"तर सर, तुमच्या या सुंदर प्रवासाबद्दल काय सांगाल?" आरजेनं एवढं विचारलं की सुजाण श्रोत्यानं कुकर लावायला हरकत नाही. तिसऱ्या शिट्टीपर्यंत पाहुणे शाळेच्या गॅदरिंगमधून निघून पुरुषोत्तम करंडकाला पोचलेले असतात. तिथं मोठा थांबा. 'भरत'ची विंग, "आव्वाज कुणाचा" आणि हुकलेलं बक्षीस. १९६३पासून ही स्पर्धा चालू असल्यामुळे शहरात दर तिसऱ्या माणसाला उत्तेजनार्थ मिळालेलं आहे आणि उरलेल्या दोघांवर परीक्षकांनी अन्याय केलेला आहे. २०२२ साली परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा कुठे अन्यायाचं समान वाटप झालं.

मग नाटकाचा विषय निघतो. आरजेनं ते पाहिलेलं नसतं, पण "खूप वेगळं आहे असं ऐकलंय". पुण्यातलं झाडून सगळं नाटक वेगळंच असतं. नेहमीसारखं नाटक शेवटचं कधी झालं, हा आता संशोधनाचा विषय आहे.

परवा मात्र गंमत झाली. पाहुणे होते प्रकाशयोजना करणारे. वय असेल पंचविशीचं. प्रवास लहान असल्यामुळे गडी चुकून कामाचं बोलायला लागला. "दुसऱ्या अंकात म्हातारा खुर्चीतून उठतो ना, तेव्हा आम्ही त्याच्यावरचा लाइट वाढवत नाही. आजूबाजूचे तीन हळूहळू उतरवतो. बघणाऱ्याला वाटतं म्हाताराच उजळला. यात खरी अडचण अशी आहे की–"

"वॉव! ही अडचण आपण जाणून घेऊच, पण एका छोट्याशा ब्रेकनंतर!"

ब्रेकमध्ये दोन बिल्डर, एक सराफ आणि मूळव्याध. परत आल्यावर आरजे म्हणाला, "तर सर, आजच्या तरुण पिढीला काय संदेश द्याल?" पंचविशीतल्या पोरानं घसा खाकरून तरुण पिढीला संदेश दिला. म्हातारा अजून अर्ध्या उजेडात उभाच आहे.

याच शहराच्या आकाशवाणीनं १९५५च्या रामनवमीला गीतरामायण सुरू केलं. वर्षभर, आठवड्याला एक नवं गीत, एकूण ५६. माडगूळकर आणि बाबूजींना तेव्हा कुणी प्रवासाबद्दल विचारत बसलं नसावं. पुढचं गाणं कुठवर आलं, एवढंच विचारत असतील. आज हाच घाट घातला, तर दुसऱ्याच आठवड्यात गदिमांना 'रॅपिड फायर'मध्ये चहा की कॉफी ते सांगावं लागेल.

श्रोत्यांचे फोन हा त्यातल्या त्यात प्रामाणिक भाग. नाटकाबद्दल एकही नसतो. एसी गार नाही, डास आहेत, गाडी लावायला जागा नाही, पुढे बसलेल्या काकूंचा मोबाइल वाजला. बालगंधर्व पाडावं की पाडू नये, यावर तर १९६८ नंतर जन्मलेले आणि आधी जन्मलेले असे दोन तट आहेत, आणि मध्यंतरातल्या बटाटेवड्यापुरती दोघांची युती आहे. एका आजोबांनी वड्याचा आकार कसा कमी होत गेला याचं इतकं बारकाईनं विवेचन केलं, की वाटलं, यांना नाट्यसमीक्षेला बसवायला हवं.

शेवटी स्पर्धा. "आपले आजचे पाहुणे कोणत्या क्षेत्रातले? अ) नाटक, ब) क्रिकेट. बरोबर उत्तर द्या आणि रविवारच्या प्रयोगाचे दोन पास जिंका!"

लाइनवर कोथरूडच्या एक ताई आल्या. विचार करून त्यांनी 'अ' सांगितलं. टाळ्या वाजल्या.

"प्रयोग कुठं आहे?"

"तुमच्या कोथरूडलाच, यशवंतराव चव्हाणला!"

"रविवारी दुपारी होय... पुढच्या रांगेतले आहेत का?"

"ते बॉक्स ऑफिसवर कळेल, ताई."

"मग असं करा ना, काल पिझ्झाचं कूपन देत होतात, तेच द्या."

आरजे खळखळून हसला. एवढ्यात पाहुणे माइकपाशी सरकले. "दोन-चार जास्तीची असतील तर मलाही द्या, तालमीनंतर पोरं उपाशी असतात."