चार मीटरांचा प्रवास

पुणे ते महाबळेश्वर हे अंतर सुमारे 120 किलोमीटर असले, तरी येथे ज्या प्रवासाचा परामर्श घ्यावयाचा आहे त्याची लांबी चार मीटरही भरत नाही, कारण तो पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या मोटारीच्या बॉनेटपासून डिकीपर्यंतच घडतो. (2006 च्या अर्थसंकल्पाने चार मीटरांच्या आतील लहान गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत दिली, त्या सवलतीने प्रवाशाची पायपीट वाचल्याचे हे बहुधा एकमेव उदाहरण असावे.) सामान भरून, डबे मांडीवर घेऊन कुटुंब स्थानापन्न होते, चावी फिरते आणि सेल्फ नुसता ‘टक्’ म्हणून गप्प बसतो, तेव्हा या प्रवासास आरंभ झाला असे मानावे.

या प्रदेशाचे मूळ रहिवासी, म्हणजे सोसायटीतील शेजारी, बॅटरी बदलण्याचा सल्ला एकमुखाने देतात. आणि नवी कोरी बॅटरीही तीन-चार दिवसांत उतरली की तेच रहिवासी तितक्याच एकमताने दुकानदाराला दोष देतात. मेकॅनिक मंडळी मात्र ‘करंट लीक होतोय’ एवढेच म्हणतात, आणि ते बरोबर असते. गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म आणि कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतील छोटे संगणक, थोडीशी वीज घेतच असतात. हा खर्च 20 ते 50 मिलीअँपिअर असेल तर तो घरखर्चात धरावा, कारण त्या हिशेबाने 35 अँपिअर-तासांची धडधाकट बॅटरी दोन-तीन आठवडे सहज तग धरते. त्याहून अधिक जे जाते ती गळती होय.

गळती मोजण्यासाठी दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची ऋण टोकाची वायर सोडवून, ती वायर आणि ते टोक यांच्या मध्ये मल्टिमीटर जोडतात, जेणेकरून गाडीत जाणाऱ्या प्रत्येक अँपिअरला या नाक्यावरूनच जावे लागते. पुढचा टप्पा मुक्कामाचा: संगणकांना झोप लागण्यास काही गाड्यांत अर्धा-पाऊण तासही लागतो आणि कोणी दार उघडल्यास ते सर्व पुन्हा जागे होतात, म्हणून जाणकार दार उघडे ठेवून त्याच्या कुलपाची खिट्टी स्क्रू-ड्रायव्हरने आधीच बंद करतात, ज्यायोगे गाडीला दार लागल्याचा भ्रम होतो. चावीही दूर ठेवावी लागते. घरातील लहान मूल या काळात कोठे ठेवावे, याविषयी मॅन्युअल मौन पाळते.

झोपेनंतरही मीटर 450 मिलीअँपिअर दाखवीत असेल, तर फ्यूजच्या पेटीकडे कूच करावे. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा अशा रंगीत वस्तीतून एकेक फ्यूज उपटायचा आणि तत्काळ बॉनेटकडे जाऊन मीटर पाहायचा, असा हा क्रम असल्याने चार मीटरांच्या गाडीभोवती चालणे मात्र भरपूर घडते. ज्या फ्यूजला आकडा कोसळतो तो आतल्या दिव्यांचा निघाला, की संशय डिकीतील पाच वॅटच्या बल्बवर जातो. परंतु डिकी उघडून पाहावे तर तो पेटलेलाच असणार, कारण उघड्या डिकीत पेटणे हे त्याचे कर्तव्यच आहे. अशा वेळी चित्रीकरण सुरू केलेला मोबाईल आत ठेवून डिकी लावतात. कुलपातील स्विच अडकलेला असल्यास बंद डिकीच्या अंधारात तो बल्ब स्टेपनीवर दिवसरात्र प्रकाश पाडीत बसल्याचे चित्रफितीत दिसते, आणि रोज दहा अँपिअर-तास कोठे जात होते याचा उलगडा होतो.

बल्ब काढताच मीटर 30 वर येतो. त्या आनंदात मीटर जोडलेला असतानाच सेल्फ मारू नये. सेल्फला शंभराहून अधिक अँपिअर लागतात, आणि साध्या मीटरची क्षमता दहाच अँपिअरची असते.