वाढत्या अंगाचे मास्तर

मास्तरांना माणसं चेहऱ्याने आठवत नाहीत. "ते ए विंगमधले काका हो, वळले की ज्यांचा झब्बा सहा फ्रेम मागे राहतो ते," असं ते सांगतात आणि आपण ओळखावं अशी त्यांची प्रामाणिक अपेक्षा असते. सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे सहा फ्रेम हा पाव सेकंद, एवढं गणित कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत आता वॉचमनलाही पाठ आहे. काका कोण ते तरीही कळत नाही. झब्बा सुती होता, इतपत अंदाज येतो.

मास्तर महापेच्या एमआयडीसीतल्या एका स्टुडिओत नोकरीला आहेत. कॉम्प्युटरवर घडवलेल्या पात्रांना कपडे चढवायचे आणि ती चालली, पळाली, आपटली की त्या कपड्यांनी खऱ्या कपड्यांप्रमाणे हलायचं, हा त्यांचा धंदा. ऑफिसातली पोरं त्यांना मास्तर म्हणतात ते शिंप्याला म्हणतात त्या अर्थाने. मास्तरांच्या आईला मात्र ही नोकरी अजून पटलेली नाही. "मी जन्मभर इस्त्री फिरवून चुण्या काढल्या," त्या आल्यागेल्याला सांगतात, "आणि ह्याला त्या पाडायचा पगार मिळतो! वर टॅक्स कापतात, म्हणजे सरकारलाही माहीत आहे."

त्यातही मास्तरांचा खास प्रांत ढगळ कपड्यांचा. अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यांना ते कपड्यांत मोजतच नाहीत. "जीन्स काय, कातडीला चिकटवून टाकायची. हाड हललं की कातडी हलते, कातडी हलली की जीन्स. ह्यात कापड कुठे आलं?" कापड येतं ते झग्यात, अंगरख्यात, घोंगडीत, घेरदार लेंग्यात. माणूस थांबला तरी झगा थांबत नाही. तो पुढे जातो, पोटऱ्यांवर आपटतो, स्वतःच्याच घडीत अडकतो, वाऱ्याचं काय म्हणणं आहे ते ऐकून घेतो आणि मग सावकाश खाली बसतो. हे सगळं मास्तर हातवारे करून दाखवतात, बहुधा लिफ्टमध्ये, आणि आपला मजला निघून जातो.

आतला माणूस त्यांच्या दृष्टीने दुय्यम. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये देहाला कोलायडर म्हणतात, म्हणजे कापड ज्याला येऊन धडकतं ती वस्तू. गीतेने देहाला आत्म्याचं वस्त्र म्हटलं, मास्तर त्याच्या पुढे गेले: देह हा वस्त्राच्या वाटेतला अडथळा. देहाची आसक्ती सोडायला वारकऱ्याला जन्म घालवावा लागतो, मास्तरांची ती ट्रेनिंगच्या पहिल्याच महिन्यात सुटली.

त्यांच्या टेबलावर गणपतीशेजारी एका लहान मुलीचं चित्र आहे. ती त्यांची कुणी लागत नाही. ती 'मॉन्स्टर्स, इंक.' या 2001 सालच्या सिनेमातली बू. अंगात गुलाबी टी-शर्ट, तो इतका मोठा की त्याचा झगाच झालेला. मास्तरांच्या पंथाचा इतिहास ह्या टी-शर्टाभोवती फिरतो आणि तो ऐकल्याशिवाय त्यांच्या घरी चहा मिळत नाही. 1995 सालच्या 'टॉय स्टोरी'त खेळणीच का घेतली? तर प्लास्टिकला चुण्या पडत नाहीत, असं त्यांचं ठाम मत. मग 1997 साली पिक्सारच्याच 'गेरीज गेम' या छोट्या फिल्ममध्ये बागेत एकटाच बुद्धिबळ खेळणारा म्हातारा आला, त्याचा कोट पहिल्यांदा गणिताने हलला. 1998 साली डेव्हिड बॅराफ आणि अँड्र्यू विटकिन यांनी निबंध लिहिला. आणि तीन वर्षांनी बू. 2006 साली ह्या दोघांना मायकेल कॅससह पडद्यावरच्या कापडाबद्दल ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला, हे सांगताना मास्तर उभे राहतात.

त्या निबंधात काय होतं, असं मी एकदा विचारलं आणि रविवार गेला. पण समजलं ते सांगतो. कॉम्प्युटरमधलं कापड सुतळीने विणलेल्या बाजेसारखं असतं. जिथे सुतळ्या एकमेकींना भेटतात तिथे एकेक बिंदू, आणि दोन बिंदूंमधली सुतळी म्हणजे स्प्रिंग. आता एक बिंदू ओढा. शेजारचा ओढला जाईल, त्याचा शेजारी त्याच्यामागे. प्रत्येक बिंदूवर गुरुत्वाकर्षण, वारा, शेजाऱ्यांची ओढ आणि देहाची धडक यांचा हिशेब करायचा, बिंदू थोडा सरकवायचा, पुन्हा हिशेब, पुन्हा सरकवायचा. घाई करून एकदम मोठी उडी मारली तर कडक स्प्रिंग जरुरीपेक्षा जास्त मागे येते, पुढच्या हिशेबात त्याहून जास्त पुढे जाते, आणि दहाव्या फ्रेमला राजाचा अंगरखा राजाला सोडून दाही दिशांना उडून जातो. ह्याला ऑफिसात "सिम फुटलं" म्हणतात. फुटू न देता मोठ्या उड्या कशा मारायच्या, ते बॅराफ-विटकिन यांनी दाखवलं. म्हणून मास्तर घरी जेवायला येऊ शकतात.

"पण बूचा टी-शर्ट मोठा का, सांगा," ते मलाच विचारतात. मी गप्प. "काका, वाढत्या अंगाचा!"

इथे मास्तरांचा गळा दाटतो. कारण स्वतः मास्तर वाढत्या अंगाच्या कपड्यांत वाढले. जूनमध्ये शाळा उघडताना दोन मापं मोठा सदरा घ्यायचा, बाह्या दुमडायच्या, चड्डीच्या आतल्या बाजूला चार बोटं कापड दाबून ठेवायचं आणि पोराने त्यात हळूहळू वाढत जायचं. सदरा बरोबर मापाचा झाला की फाटायचा, हा नियम. मास्तरांचं म्हणणं असं की जगातल्या कुठल्याही स्टुडिओला ढगळ कपड्यांचा जेवढा अभ्यास नाही तेवढा मराठी मध्यमवर्गाला आहे. फक्त आपण निबंध लिहिले नाहीत.

परिणामी कापड बघून आतल्याची उंची ओळखणं त्यांना जमतं. एकदा नव्या मुलाने जादूगाराचा झगा करून दाखवला. झगा संथपणे, फार मोठेपणाने खाली येत होता. मास्तरांनी मॉनिटरकडे लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "हा जादूगार पारसिकच्या डोंगराच्या खांद्याला लागतोय." खरंच तसं होतं. पात्र सेंटिमीटरमध्ये बनवलेलं, आणि माया नावाच्या सॉफ्टवेअरमधली कापडाची यंत्रणा मुळात एक युनिट म्हणजे एक मीटर असं धरून चालते. तिथला एक आकडा बदलायचा राहिला, की 170 सेंटिमीटरचा गृहस्थ 170 मीटरचा होतो आणि त्याचा झगाही त्याच हिशेबाने रेंगाळत पडतो. आकडा दुरुस्त केल्यावर जादूगार एकदम माणसात आला.

कापड कापण्याची बाजू मास्तर सेक्टरच्या मार्केटमधल्या एका खऱ्या शिंप्याकडे शिकले. मार्व्हलस डिझायनर नावाच्या कोरियन सॉफ्टवेअरमध्ये झगा सरळ झगा म्हणून बनत नाही. पाठ, पुढा, बाह्या असे सपाट तुकडे बेतायचे आणि पडद्यावरच त्यांना शिवण घालायची. मास्तरांनी बेतलेला पहिला कुर्ता त्यांनी फोनवर त्या शिंप्याला दाखवला. शिंप्याने चष्मा वर केला. "काखेत चौकोनी तुकडा नाही लावला, हात वर केला की सगळा कुर्ता वर जाणार. आणि घेर सरळ कापडात का? उरेब घ्या, उरेब पडतो छान." मास्तरांनी उभा धागा, आडवा धागा आणि उरेब यांचे ताण वेगवेगळे भरले, आणि महापेला त्या कुर्त्याची फार तारीफ झाली. शिंप्याला त्यांनी पेढे दिले. त्याने बदल्यात आल्टरेशनची दोन गिऱ्हाइकं गळ्यात मारली.

खरा घोळ होतो तो नमुने गोळा करताना. पूर्वी ते तुर्भे स्टेशनवर उभे राहून गाडी आत शिरताना साड्यांचं काय होतं ते बघत असत. एका बाईंनी जाब विचारला. मास्तर मनापासून म्हणाले, "बाई, गैरसमज नको, मी तुमच्याकडे बघतच नव्हतो, पदराकडे बघत होतो." ह्यानंतर जे झालं त्यातून त्यांना एका मास्तरांच्याच वयाच्या पोलिसाने सोडवलं. तेव्हापासून ते स्वतःलाच वापरतात. वडिलांचा जुना झब्बा घालून, पेडस्टल फॅन लावून, गच्चीवर ह्या टाकीपासून त्या टाकीपर्यंत पळतात, उडी मारतात, मरून पडतात. बायको शूटिंग करते. सोसायटीने बोर्डावर नोटीस लावली: "गच्चीवर कोणीही मरू नये."

ऑफिसात त्यांचं खरं वैर ॲनिमेटर लोकांशी. ॲनिमेटर पात्राला हात घडी करून उभं करतो आणि कोपर खुशाल पोटात चार बोटं आत घुसवतो. कॅमेऱ्यातून दिसत नाही ना, मग झालं. पण मधल्या बाहीने जायचं कुठे? एकीकडून पोट म्हणतं बाहेर हो, दुसरीकडून कोपर म्हणतं तू बाहेर हो. बाही थरथरायला लागते, मग गुंता, मग सिम फुटतं. अशा गुंत्यावर बॅराफ, विटकिन आणि कॅस यांनी 2003 साली आणखी एक निबंध लिहिला. मास्तर त्याची प्रिंट घेऊन ॲनिमेटरच्या खुर्चीपाशी जातात. ॲनिमेटर डबा खायला गेलेला असतो.

आणि क्लायंट. तो दूर देशी असतो, त्याची सकाळ होते तेव्हा घणसोलीपर्यंतचे सगळे दिवे मालवलेले असतात. परवा जादूगाराच्या झग्यावर त्याची नोट आली: "झगा आणखी ढगळ हवा, पण हलायला कमी हवा." मास्तरांनी कापड जड केलं. "छान, पण आता हलकं वाटत नाही." हलकं केलं. "फार हलतंय." शेवटी त्यांनी पहिलीच आवृत्ती नाव बदलून पाठवली. ती पास झाली. शॉट रिलीज झाला तेव्हा त्यात जादूगार कमरेपर्यंतच दिसत होता.

मास्तरांच्या नावाने सोसायटीत एक गैरसमज मात्र करून ठेवला. सी विंगमधल्या वहिनी दहावीतल्या मुलाला घेऊन एका संध्याकाळी त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. "मास्तर, ह्याचं गणित घ्याल का? फी काय असेल ती सांगा." मास्तर नाही म्हणायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांची नजर मुलाच्या शाळेच्या शर्टावर गेली. दोन मापं मोठा, खांदे खाली उतरलेले, बाही कोपराच्याही खाली. "आत ये," ते भारावून म्हणाले. "आता हात वर कर. परत कर. उडी मार."

मुलगा वर्षभर गेला. स्प्रिंग, बल, वेग, त्वरण सगळं त्याला तोंडपाठ झालं, विज्ञानात मार्कही वाढले. तरी वहिनी परवा तक्रार घेऊन माझ्याकडे आल्या. "भाऊजी, तुम्ही मास्तरांशी बोला. पोरगा शर्टाला इस्त्री करू देत नाही. म्हणतो, कोपराच्या चुण्या वर्षभर वापरून तयार झाल्यात, पुन्हा तशा यायच्या नाहीत."

मी मास्तरांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पोराचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण कॉलरला स्टार्च घालायला सांगा, ती फार ओघळतेय."