रेकॉर्ड केलंय ना!

घरात रेकॉर्डिंगवाला सेट टॉप बॉक्स आला की घरातल्या एकाची त्याच्यावर नेमणूक होते. अर्ज मागवत नाहीत, मुलाखत होत नाही. पहिल्या दिवशी रिमोट हातात घेऊन "थांबा, मी बघते" असं जो म्हणतो, त्याच्या गळ्यात हे काम कायमचं पडतं. आमच्या रायपूरच्या घरात ते माझ्या गळ्यात आहे. कूलर, इन्व्हर्टर आणि हा बॉक्स ही तीन खाती माझी. पहिली दोन पाणी घातलं की गप्प बसतात. तिसऱ्याची मर्जी मात्र सांभाळावी लागते.

या बॉक्सचा मूळ स्वभाव भाबडा आहे. जाहीर वेळापत्रकावर त्याचा पूर्ण विश्वास! मालिका साडेआठला सुरू होऊन नऊला संपते असं वाहिनीने कळवलं की नऊला तो दुकान बंद करतो, मग पडद्यावर सुनेने कपाट उघडलेलं असो की सासूने तोंड. क्रिकेटचं तर विचारूच नका. सामना लांबला, शेवटची दोन षटकं उरली, आणि नेमकं तिथे आमचं रेकॉर्डिंग संपलं, असं झालं की हे दिवसभर कोणाशी बोलत नाहीत. यावर उपाय म्हणजे प्रत्येक कार्यक्रमाला मागे अर्धा तास जोडून ठेवायचा. पण बॉक्सला एका वेळी दोनच गोष्टी रेकॉर्ड करता येतात. सामन्याचा वाढीव अर्धा तास दोन मालिकांच्या वेळेत घुसला की पडद्यावर प्रश्न येतो : कोणतं रद्द करू? हा प्रश्न यंत्राने आमच्या घरात मोठ्याने विचारायला नको होता.

उन्हाळा हा त्याच्या परीक्षेचा काळ. मे महिन्यात रायपूरचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. बॉक्समधली हार्ड डिस्क आपण टीव्ही बंद केला तरी बहुधा फिरतच असते, त्यामुळे तो आतूनही तापतो. त्याच्या अंगावरच्या बारीक फटी गरम हवा बाहेर जायला ठेवलेल्या असतात. आमच्याकडे त्या फटींवर सासूबाईंनी विणलेला क्रोशाचा रुमाल होता, चारी कोपऱ्यांना मोती लावलेला. चित्र मध्येच गोठायचं, आवाज तुटायचा. मी रुमाल काढून टीव्हीच्या कपाटावर ठेवला, तर संध्याकाळी तो पुन्हा जागेवर. "उघडं बरं दिसत नाही गं," एवढंच स्पष्टीकरण. शेवटी तह झाला : रुमाल बॉक्सच्या खाली अंथरायचा आणि बॉक्सला चार रबरी पाय लावून वर उचलायचं. कूलरची ओली हवा थेट त्याच्यावर येणार नाही, हेही तेव्हाच ठरलं.

रिमोट चालेनासा झाला तर आधी सेल बदलतात, मग रिमोट तळहातावर आपटतात. त्याआधी एक सोपी परीक्षा आहे. मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करून त्यासमोर रिमोटचं बटण दाबायचं. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश बहुतेक फोनच्या पडद्यावर जांभळट लुकलुकताना दिसतो. तो दिसला तर रिमोट निर्दोष, दोष बॉक्सचा. आमच्या घरात इतका निःपक्ष न्याय दुसऱ्या कुठल्याच भांडणात होत नाही.

आणि सगळ्यावरचा रामबाण म्हणजे "बंद करून चालू करा". कस्टमर केअरवाले हे मंत्रासारखं म्हणतात म्हणून आपण चिडतो, पण त्यात तथ्य आहे. महिनोन्महिने अखंड चालणाऱ्या यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत बारीकसारीक गोंधळ साठत जातो, आणि वीज पूर्ण तोडली की तो पुसला जातो. फक्त रेकॉर्डिंग चालू असताना प्लग उपटायचा नाही. आधी रिमोटने झोपवायचं, मग भिंतीवरचं बटण बंद करायचं, अर्धा मिनिट थांबायचं. तेवढा धीर आमच्या घरात कुणाला निघत नाही.

पावसाळ्यात प्रकरण गच्चीवर जातं. उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर. तिथून सिग्नल सुखरूप येतो आणि शेवटच्या दोन-चार किलोमीटरांत ढगाला अडकतो. डीटीएचची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची, तिला जोरदार सर सोसत नाही. अशा वेळी चहा ठेवावा, दुसरा इलाज नाही. पण पाऊस थांबून ऊन पडलं तरी चित्र येईना, तेव्हा सासूबाईंनी शेजारच्या मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडावर आरोप ठेवला. त्या झाडाशी त्यांचं जुनं वैर आहे. पानं आमच्या अंगणात पडतात, शेंगा मात्र शेजाऱ्यांच्या. दुरुस्तीला आलेल्या मुलाने वर जाऊन पाहिलं. आमची छत्री ज्या उपग्रहाकडे बघते तो ८३ अंश पूर्व रेखांशावर, आणि रायपूर साधारण साडेएक्याऐंशीवर. म्हणजे छत्री जवळजवळ सरळ दक्षिणेला बघते आणि नजर चांगली उंच, साठ अंशांच्याही वर. मुनगा त्या वाटेत येतच नव्हता. "झाड के दोष नइ हे अम्मा, जोड़ म पानी घुसे हे," म्हणत त्याने तारेचं हिरवं पडलेलं टोक कापलं, नवा कनेक्टर बसवला आणि वर टेप गुंडाळली. झाड सुटलं. सासूबाईंना निकाल मान्य नाही.

याच रायपूरच्या आसपासच्या खेड्यांत १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर उपग्रहावरून टीव्ही दिसला होता. 'साइट' नावाचा तो प्रयोग, अमेरिकेकडून उसना घेतलेला एटीएस-६ उपग्रह, सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं. गावाला मिळून एक संच आणि कोंबड्यांच्या जाळीची तीन मीटरची छत्री. संध्याकाळी ठरल्या वेळी गाव गोळा व्हायचं. जे चुकलं ते चुकलं, पुन्हा बघायची सोय नाही. वर्ष संपलं तसा उपग्रहही परत गेला. १९७७मध्ये रायपूरला दूरदर्शनचं प्रक्षेपण केंद्र आलं, पण चुकलेलं चुकतच राहिलं.

आता काहीच चुकत नाही, आणि मला वाटतं घोटाळा तिथेच आहे. चुकेल या धाकाने माणूस वेळेवर येऊन बसायचा. तो धाक गेला आणि बघणंही मागे पडलं. "रेकॉर्ड केलंय ना" असं म्हटलं की निम्मं बघून झाल्यासारखं वाटतं.

हे कळतं डिस्क भरते तेव्हा. मग घरात बैठक बसते. एचडीचा एक तास साधारण साडेतीन जीबी खातो, म्हणजे एकदिवसीय सामना अठ्ठावीस जीबीच्या आसपास. साध्या चित्रातला मालिकेचा अर्ध्या तासाचा भाग अर्ध्या जीबीतही मावतो. "म्हणजे यांच्या एका सामन्यात माझे पन्नास-साठ भाग," हा हिशेब सासूबाईंनी तोंडी केला, ज्या एरवी दुधाचा हिशेब मला करायला लावतात. यांनी २ एप्रिल २०११चा विश्वचषकाचा अंतिम सामना जपला आहे. धोनीचा तो षटकार मोबाइलवर केव्हाही सापडतो, हे मी सांगितलं. "ते वेगळं," असं उत्तर आलं. पुण्याला शिकायला गेलेल्या लेकीला फोन केला, तर तिच्या नाचाच्या कार्यक्रमांना हात लावायचा नाही, अशी तंबी मिळाली. कोणी काही बघत नाही आणि कोणी काही पुसू देत नाही.

परवा दुरुस्तीवाला मुलगा डिस्कला कान लावून म्हणाला, आवाज बरा नाही. ही रेकॉर्डिंगं याच बॉक्सला बांधलेली असतात, दुसऱ्यात उतरवता येत नाहीत. तेव्हा जे बघायचंय ते बघून घ्या.

त्याच संध्याकाळी आम्ही सगळे जुनं बघायला बसलो. काय आधी, यावर वाद होऊन एकमत होईपर्यंत साडेआठ वाजत आले. आजचा भाग रेकॉर्डिंगला लावते, आपण जुनंच बघू, असं मी सुचवलं.

"छे छे, आजचा आत्ताच बघायचा," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "जुन्याची काय घाई? ते रेकॉर्ड केलेलं आहेच की!"